हा माणूस आधीच नोंदलेला आहे

फुकट ते पौष्टिक ही म्हण ज्याने पहिल्यांदा म्हटली, त्याने फुकटची वस्तू मिळवण्यासाठी कधी मदतकक्षाला फोन लावला नसणार. स्रवंती गड्डम तीन वर्षं असे फोन घेत होती. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका चकचकीत इमारतीत सर्वांश फाउंडेशनचा मराठी मदतकक्ष होता. तिथे दिवसाला साठ-सत्तर माणसं तिला एकच प्रश्न विचारायची, "ताई, माझा अंश का येत नाही?" उत्तरं तिला तोंडपाठ होती. ॲप बंद करून पुन्हा उघडा. वॉलेट तोडून पुन्हा जोडा. फोनमधली तारीख-वेळ तपासा. नेटवर्क बदलून बघा. नाहीच जमलं तर चोवीस तास थांबा. या शेवटच्या उत्तराची तिला मनापासून लाज वाटायची, कारण चोवीस तासांत काहीही होत नसे, फक्त विचारणारा दमून जाई.

पण २०३७च्या मार्चमधल्या शेवटच्या रविवारी विचारणारे फोनवर नव्हते, तिच्या दारात होते. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, तिच्या घराच्या कट्ट्यावर सकाळी आठला अठरा बायका येऊन बसल्या होत्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्या जन्मभर विड्या वळलेल्या, प्रत्येकीच्या हातात नातवाचा नाहीतर सुनेचा जुना फोन. आणि प्रत्येक फोनवर लाल अक्षरांत एकच वाक्य : हा माणूस आधीच नोंदलेला आहे.

"कधी नोंदले गं मी?" स्रवंतीची आई राजमणी विचारत होती. "आज पयल्यांदा केलं की. तूच करून दिलीस."

"अम्मा, थांब. ॲप बंद करून परत उघडू."

"तीनदा झालं उघडून."

स्रवंतीने वॉलेट तोडलं, जोडलं. शेजारच्यांचं वायफाय मागून घेतलं. तारीख तपासली, वेळ तपासली. लाल अक्षरं जागची हलली नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे तिला कळत होतं. तीन वर्षं लोकांना जे सांगितलं ते किती पोकळ होतं, हेही आज स्वतःच्या कट्ट्यावर बसून कळत होतं.

सगळ्यांत म्हातारी पोशव्वा म्याकल फोन लांब धरून ते वाक्य पुन्हा वाचत होती. एकोणऐंशी वर्षांची बाई. कट्ट्यावरच्या प्रत्येकीला विडी वळायला तिनेच शिकवलेलं, म्हणून तिला सगळ्या आक्का म्हणत.

"म्हंजे हे काय म्हणायलंय पोरी," पोशव्वा म्हणाली, "आमी अठरा जणी मिळून एकच बाई हाव?"

सगळ्या हसल्या. स्रवंतीही हसली. फोन अगदी तेच म्हणत होता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

अंश म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी यंत्रं माणसासारखी बोलू लागली, दिसू लागली, गरज पडली तर रडूही लागली. मुलाच्या आवाजात बापाला फोन यायचा आणि पलीकडे मुलगा नसायचा. चेहरा, आवाज, डोळ्यांची बुबुळं, सगळ्याची नक्कल होऊ लागली. तेव्हा मेंदूचे काही अभ्यासक आणि डिजिटल टोकनं विकणारी काही धनाढ्य माणसं एकत्र आली आणि त्यांनी एक जुनी गोष्ट नव्याने कामाला लावली. माणसाचा हात कधीही पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला आठ-बारा वेळा तो थरथरतो, इतका बारीक की आपल्याला दिसत नाही. ही थरथर मज्जातंतूंतून येते, स्नायूंच्या ताणातून येते, रक्ताच्या ठोक्यातून येते. तिच्यावर आणखी एक थर असतो, तो लहान मेंदूने शिकलेल्या तालाचा. कोण पेन कसं धरतं, कणीक कशी मळतं, त्याचा ताल. थरथर आणि ताल मिळून जे बनतं ते एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, आणि शरीर नसलेल्या यंत्राला ते जमत नाही. त्याला नाव दिलं हस्तस्पंद. फोनच्या काचेवरचा एक ठिपका अंगठ्याने नव्वद सेकंद गोल फिरवायचा, की झालं. जो खरा माणूस ठरेल त्याला कुणालाही पुसता येणार नाही अशा वहीत एक टोकन फुकट. एका माणसाला एक अंश.

लोक आधी हसले. मग बँका विचारू लागल्या, अंश आहे का? मग शाळा, मग दवाखाने. अंश असेल तर पलीकडे हाडामांसाचं माणूस आहे, त्याचा फोन आधी उचला. नसेल तर यंत्रांच्या रांगेत मागे उभं राहा. राजमणीला तंबाखूच्या धुळीने दमा दिला होता. छातीच्या डॉक्टरची वेळ मागायला फोन लावला की रांगेत तिच्या पुढे चार लाख यंत्रं उभी असत. आणि वाटप मंगळवारी, एकतीस मार्चला दुपारी बारा वाजता बंद होणार होतं. त्यानंतर अंश फक्त नव्या जन्मणाऱ्या बाळांना.

सोमवारी स्रवंती कामावर गेली ती थेट आईचा दावा उघडायला. दावा वेगळा नव्हताच. तो एका गठ्ठ्यात बांधलेला होता : गट ७०४८, संशय बहुरूपी.

बहुरूपी हा कंपनीचा शब्द. फुकट वाटप असलं की एकच लबाड शंभर फोन घेऊन शंभर माणसं असल्याचं सोंग करतो आणि शंभर वाटे उचलतो. त्याला पकडणं हे कंपनीच्या यंत्राचं मुख्य काम. गट ७०४८मध्ये यंत्राने पकडलेला लबाड मोठाच होता. एक माणूस, चारशे बारा फोन, सगळे विडी घरकुलाच्या आसपास. शिफारस : विलीन करा. म्हणजे सगळ्यांत आधी ज्याची नोंद झाली तो मूळ माणूस राहणार आणि बाकीचे चारशे अकरा त्याच्या प्रती ठरून कायमचे त्याच्यात मिसळले जाणार. वहीतून पुन्हा कधीही वेगळे होणार नाहीत.

शेवटचा हुकूम मात्र माणसानेच द्यायचा, असा कायदा होता. मराठी विभागात तो अधिकार स्रवंतीकडे होता. तिने आपल्या टॅबवर ठिपका फिरवून 'विलीन करा'चं हिरवं बटण दाबलं की काम फत्ते. चूक यंत्राची आणि अंगठा माणसाचा, अशी ही सोय.

मूळ माणसाचं नाव झाकलेलं होतं. तिने अधिकार वापरून ते उघडलं. स्रवंती गड्डम, नोंद जून २०३४.

तिने ते नाव दोनदा वाचलं. मग आठवलं. नोकरीला लागताना पहिल्याच दिवशी सगळ्यांना अंश घ्यायला लावला होता, तिने घेतला होता, विसरून गेली होती. आणि त्या एका अंशाच्या पोटात आता तिची आई, पोशव्वा आक्का आणि घरकुलातल्या सगळ्या म्हाताऱ्या कोंबल्या जाणार होत्या.

तिने पुण्याला तन्मय पारगावकरला फोन लावला. तन्मय तिचा वरिष्ठ, छत्तीस वर्षांचा, कायम गोड.

"सर, ही माझी आई आहे. बाकीच्या माझ्या गल्लीतल्या बायका आहेत. मी यांना ओळखते."

"मला पटतंय गं. पण सिस्टीमला पटायला हवं ना."

"सिस्टीम चुकतेय. ऑक्टोबरच्या अपडेटनंतर स्वस्त फोनवर थरथर मोजतच नाहीत, खरंय ना? काचेला ती टिपता येत नव्हती, दावे अडकत होते, म्हणून नुसता ताल मोजायचं ठरलं."

"ते अंतर्गत आहे, स्रवंती. आणि दोन माणसांचा ताल सहसा जुळत नाही."

"सहसा."

"चारशे जणांचा तर नाहीच जुळत. विचार कर ना. कुणीतरी तुझा हस्तस्पंद चोरून हे केलंय."

"मी व्हिडिओ पाठवते. माझी आई ठिपका फिरवते, मी शेजारी उभी—"

तन्मय हसला. "व्हिडिओ? व्हिडिओ पुरावा असता तर आपली कंपनी कशाला निघाली असती? मी उद्या येतोयच क्लोजिंगला. बाराच्या आत तेवढं मर्ज करून टाक. तुझा अंश तुला राहील, कुणी काही विचारणार नाही, हे मी बघतो."

तुझा अंश तुला राहील! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोराने उपकार केल्याचा आव आणलेला ती पहिल्यांदा ऐकत होती.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने चप्पलही न काढता टॅब आईपुढे धरला. टॅब कंपनीचा, पण स्वस्तातलाच. "अम्मा, हा ठिपका फिरव."

राजमणीने पदराला हात पुसून अंगठा ठेवला. नव्वद सेकंदांनी टॅब उघडला. पडद्यावर आलं : नमस्कार, स्रवंती.

स्रवंतीने तो पोशव्वाकडे दिला. नमस्कार, स्रवंती. शेजारच्या लिंगव्वाकडे दिला. नमस्कार, स्रवंती.

"आक्का," स्रवंती म्हणाली, "तुमच्या सगळ्यांचा हात एक कसा?"

गड्डमांच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि भांडणात दोन्ही, अशी रीत होती. पण पोशव्वाने हे सावकाश, मराठीत सांगितलं, जणू कोर्टात जबानी देतेय.

"चेकर ठावकी हाय ना तुला? कारखान्यातला माल बघणारा. लई बेरकी. विडी बोटात धरली की सांगायचा, ही राजमणीची, ही लिंगव्वाची. कार्ड एकीचं आन् हात दुसरीचा दिसला की सगळा माल छाट, म्हंजे बाद. वर कार्ड बंद. कार्ड बंद म्हंजे फंड गेला, पेन्शन गेली. मग बाळंतिणीनं काय करायचं? तापानं फणफणलेलीनं काय करायचं? तिचं कार्ड कोण चालवणार?"

"कोण चालवायचं?"

"आमीच की. तिच्या वाट्याच्या आमी वळायच्या, तिच्या नावावर. पर चेकरला हात वळखू यायला नको. म्हणून आमी हात मिळवला." पोशव्वाने बोटाचं नख टॅबच्या काठावर टकटक वाजवलं. "मी सुपावर असं वाजवायची. समद्या गोल बसून त्या ठोक्यावर वळायच्या. पान गुंडाळायचं, तोंड मुडपायचं, दोरा मारायचा, समद्यांचं एकदम. सहा महिने लागले. मग चेकर गंडला. जी नवी यायची तिला पयला हात मिळवायला लावायचा, मग कार्ड. ह्या गल्लीची विडी म्हंजे गल्लीची, कुणा एकीची न्हाई. तू जल्मलीस तवा तुझ्या आईच्या सव्वा महिन्याच्या विड्या चौघींनी वळल्या. चाळीस वर्सांत एक कार्ड कापू दिलं न्हाई."

"चेकरला फसवलंत."

"माल खोटा नव्हता. पान खरं, तंबाखू खरी, दोरा खरा. नुसता हात दुसरीचा." पोशव्वाने तिच्याकडे रोखून बघितलं. "लबाडी म्हणतीस का ह्याला?"

स्रवंती मनात हिशोब करत होती. दिवसाला हजार विड्या, चाळीस वर्षं. एकेका बाईच्या बोटांनी ती हालचाल कोटीच्या वर वेळा केलेली. लहान मेंदूला इतका रियाज झाला की ताल बोटांत उरत नाही, तो माणसाच्या घडणीत जातो. कारखाने बंद होऊन नऊ वर्षं झाली होती, विड्या गेल्या, चेकर गेला, ताल राहिला. आठव्या वर्षापासून शाळेतून आल्यावर आईजवळ बसून रोज दोनशे विड्या वळणाऱ्या पोरीच्या अंगठ्यातही तो राहिला. ज्या एका हुशारीने या बायका जगल्या, तिलाच यंत्र लबाडी म्हणत होतं. स्वतःची थरथर मोजायची ऐपत नाही आणि दोष बायकांच्या हाताला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग तिने तिचं नेहमीचं काम सुरू केलं, अडचण सोडवण्याचं. हात मिळवला तसा मोडता येईल. "अम्मा, उलटं फिरव." राजमणीने दहा सेकंद जीव लावून उलटं फिरवलं, अकराव्या सेकंदाला अंगठा आपल्या वाटेला लागला. डाव्या हाताने करून बघितलं. विडीला दोन्ही हात लागतात, डावाही तितकाच मुरलेला. डोळे मिटून, उभं राहून, गप्पा मारत, सगळं झालं. लिंगव्वाने तर ठिपका मुद्दाम वेडावाकडा पळवला. यंत्राने सांगितलं : कृपया नैसर्गिकपणे फिरवा. नैसर्गिकपणे फिरवला. हा माणूस आधीच नोंदलेला आहे.

पोशव्वाने फोन कट्ट्यावर आपटला. "तो चेकर बरा हुता गं. तो निदान माल छाट म्हणायचा. ह्यो तर आमालाच छाट म्हणायलाय."

"आक्का, एक उपाय आहे," स्रवंती म्हणाली.

कंपनीच्या सनदेत एकोणिसावं कलम होतं. आजवर कुणी वापरलं नव्हतं, कारण वापरणारा वेडाच असायला हवा. मूळ माणसाने आपला अंश परत केला आणि बाकीचे म्हणजे मी नव्हे असं लिहून दिलं, तर कंपनीला त्या प्रत्येकाची तपासणी प्रयोगशाळेतल्या चांगल्या यंत्रावर करावीच लागे. ते यंत्र थरथरही मोजतं. त्याच्यापुढे चारशे अकरा बायका चारशे अकरा ठरल्या असत्या. पण परत केलेला अंश पुन्हा मिळत नाही. आणि अंश नसलेल्या माणसाला सर्वांशमध्येच काय, शहरात कुठेच नोकरीवर ठेवत नसत.

"उद्या मी परत करतेय," तिने सांगितलं.

राजमणी ताडकन उठली. "येड लागलंय का तुला? आमचं काय ऱ्हायलंय? दोन-चार वर्सं. तुला अजून तीस काढायचीत."

"म्हणून मी तुम्हाला गिळून बसू? हे बघ." स्रवंतीने टॅब पुढे केला. "हे हिरवं बटण. ठिपका फिरवून हे दाबलं की तुम्ही सगळ्या संपलात. तू नाहीस, आक्का नाहीत, लिंगव्वा मावशी नाही. सगळ्यांच्या जागी मी. उद्या तू मेलीस तर वहीत कुणी मेलेलंसुद्धा दिसणार नाही!"

"नोकरी गेल्यावर खाशील काय?"

"विड्या वळीन!"

"विड्या हायेत कुठं आता!" राजमणी ओरडली आणि तिला खोकल्याची उबळ आली. लिंगव्वाने पाणी आणलं. पोशव्वा पडद्यावरच्या हिरव्या बटणाकडे बघत बसून राहिली. तो प्रश्न मिटला असं स्रवंतीला वाटलं. तिला अजून या बायका नीट कळल्या नव्हत्या.

मंगळवारी सकाळी राजमणी शांत होती. तिने भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. स्रवंती टॅब शोधू लागली तेव्हा म्हणाली, "चार्जिंगला लावलाय आतल्या खोलीत. रात्रभर लाईट नव्हती. आज हापिसातल्यावर कर की काम." ऑफिसात टेबलाला जोडलेलं यंत्र होतंच. स्रवंतीने वाद घातला नाही. नोकरी घालवायला निघालेल्या माणसाला टॅबचं काय कौतुक?

साडेदहाला तन्मय पुण्याहून आला. अकराला त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, दार लोटून घेतलं. काचेपलीकडे मदतकक्षाचे चाळीस जण कानाला हेडफोन लावून लोकांना चोवीस तास थांबायला सांगत होते.

"सकाळी कलम एकोणीसचा फॉर्म उघडलास, मला दिसलं," तो म्हणाला.

"हो."

"भावना समजते मला. पण जरा प्रॅक्टिकल विचार कर. त्या बायकांचं सरासरी वय किती आहे माहितीये? अडुसष्ट. त्यांना अंशाचा उपयोग किती वर्षं? आणि तू तेहतीसची."

स्रवंतीने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. गरम होता, तरी खाली ठेवला नाही. "तुमच्या आईचं वय किती, सर?"

"पर्सनल नको घेऊ."

"मग काय घेऊ? माझ्या आईला तुम्ही माझी प्रत म्हणताय. मी तिच्या पोटातून आलेय, आणि तुमच्या वहीत ती माझ्यातून निघालीय. याला तुमच्याकडे काय म्हणतात? अल्गोरिदम?"

"आवाज खाली," तन्मय गोडच बोलत होता. "हे बघ, सनदेचं कलम आहे, मी अडवू शकत नाही. फक्त एवढंच सांगतो, चारशे जणींना लॅबला नेणं, त्याची बातमी होणं, कंपनीला परवडणारं नाही. जगात तीनशे कोटी अंश वाटलेत. कुठे एका ठिकाणी दोन माणसांचा हात एक निघाला असं लोकांना वाटलं, तर सगळ्या अंशांची किंमत शून्य. तू त्या बायकांसाठी अख्ख्या जगाचा भरवसा—"

त्याच्या समोरचा संगणक टिंग वाजला. त्याने मान वळवून वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला. खुर्चीत मागे रेलत त्याने लांब श्वास सोडला.

"थँक यू, स्रवंती. थँक यू सो मच. बघ, किती सोपं होतं. उगाच दोन दिवस ताण घेतलास."

"काय झालं?"

"गट ७०४८ विलीन. मंजुरी स्रवंती गड्डम, हस्तस्पंद जुळला, वेळ अकरा वीस." त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. "आत्ताच केलंस ना?"

ग्लास तिच्या दोन्ही हातांत होता.

तिला एका क्षणात सगळं दिसलं. आतली खोली, चार्जरला लावलेला टॅब, भोवती गोल करून बसलेल्या बायका. तिच्या नावावर, तिच्या वाट्याचं काम. कार्ड कापू द्यायचं नाही. तिला आईचा असा संताप आला की समोर असती तर ती तिच्या अंगावर धावून गेली असती. कुणी सांगितलं होतं? कुणी मागितलं होतं हे? डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही राग आला. पण आई समोर नव्हती. समोर तन्मय पारगावकर होता आणि तो अजून हसत होता.

"सर," ती म्हणाली, "मी अकरापासून इथे बसलेय."

"हो, मग?"

"तुमच्यासमोर. हात हे इथे. टॅब घरी आहे, घरकुलात. इथून सात किलोमीटर."

हसू जायला तीन-चार सेकंद लागले. आधी ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतून. त्याने तिच्या हातांकडे बघितलं, पडद्यावरच्या वेळेकडे बघितलं, पुन्हा हातांकडे बघितलं.

"व्हिडिओ नाही आहे हा," स्रवंती म्हणाली. "तुम्ही स्वतः बघताय. सही कुणी केली? नाव सांगा."

"स्रवंती गड्डम," तो पडद्यावरचं वाचल्यासारखं म्हणाला.

"ती मी आहे. ठिपका फिरवणाऱ्या बाईचं नाव सांगा. तुमचं यंत्र म्हणतंय ना की हात कधी खोटं बोलत नाही? मग सांगा."

"स्रवंती, ऐक. बस." तो उठून दाराकडे गेला, ते नीट लागलंय का बघितलं. आवाज आता गोड नव्हता, घाबरलेला होता. "हे आपल्या दोघांत ठेवू. विलीन झालेलं वहीत बाराला पक्कं होतं, त्याआधी तुझ्या आईचं मी करून देतो. आत्ता. स्पेशल केस म्हणून, लॅबचा कोड टाकून. बाराच्या आत तिचा अंश तिच्या फोनवर. छातीचा त्रास आहे ना त्यांना? उद्याच अपॉइंटमेंट मिळेल."

स्रवंतीने घड्याळाकडे बघितलं. चार लाख यंत्रांची रांग, रात्रीचा तो खोकला, हे तिला त्या क्षणी दिसलं नाही असं नाही. अकरा चोवीस झाले होते. एवढं 'हो' म्हटलं की आई श्वास घेणार होती, नोकरी राहणार होती. आईच्या सव्वा महिन्याच्या विड्या वळणाऱ्या चौघी मात्र वहीत कुणीच उरणार नव्हत्या.

"जमतं म्हणजे तुम्हाला," ती सावकाश म्हणाली. "एका कोडने जमतं. पाच मिनिटांत. आणि दोन दिवस तुम्ही मला सिस्टीमला पटायला हवं म्हणून सांगत होतात."

"एकीचं जमतं. चारशेंचं नाही."

"का नाही?"

त्याने दाराची मूठ पुन्हा चाचपून बघितली. त्याच्याकडे होतं ते उत्तर कुणाच्या तोंडावर देण्यासारखं नव्हतं.

तिने ग्लास टेबलावर ठेवला, उठली, तन्मयने लावलेलं दार उघडलं आणि ते पार भिंतीला टेकेपर्यंत ढकललं. बाहेर चाळीस जण बोलत होते, ॲप बंद करून उघडा, वॉलेट तोडून जोडा. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि मदतकक्षात तीन वर्षांत कधी काढला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"पारगावकर सर, जरा सगळ्यांना सांगा, अकरा वीसला माझे हात कुठे होते?"

एकेकाने कानावरचा हेडफोन काढला आणि तन्मयकडे बघितलं.